काजव्याआधी डोळा नाही

अकोल्यात मे महिन्यात सगळ्यांत थंड जागा कोणती, यावर पैजा लागतात. कोणी थिएटर म्हणतं, कोणी बँक. बेबीनंदा तायडेला विचारलं, तर ती बिनदिक्कत सांगायची, ‘आमची अंधारखोली.’ इस्पितळाच्या प्रयोगशाळेतली ती खोली एवढीशी. खिडकी नाही, भिंती काळ्या, दाराला जाड काळा पडदा. आत एक यंत्र, एक जुना मायक्रोस्कोप आणि भिंतीवर डकवलेला एक कागद. कागदावर बेबीनंदाच्याच ठसठशीत अक्षरात लिहिलेलं: ‘काजव्याआधी डोळा नाही.’

सत्तावन्न वर्षांच्या बाईला बेबीताई म्हणताना नव्या माणसाची जीभ अडखळायची. पण ती जन्मली तेव्हा वऱ्हाडात गल्लीगणिक एक बेबीनंदा असायची, आणि या बेबीनंदाला आपल्या नावाची लाज कधी वाटली नाही. लाज वाटावी असं तिनं तीस वर्षांच्या नोकरीत काही केलंही नव्हतं. ते तिनं निवृत्तीला अकरा महिने राहिले असताना केलं.

आधी काजव्याविषयी सांगायला हवं.

किडनी म्हणजे शेवटी चाळणीच. एका किडनीत बारीक रक्तवाहिन्यांचे लाखो गुच्छ असतात आणि रक्त त्यांतून गाळलं जातं. ही चाळणी कशानं बिघडली ते रक्त-लघवीवरून नेहमीच कळत नाही. मग पाठीतून सुई घालून किडनीचा शेवईएवढा तुकडा काढतात. त्याचे दोन भाग करतात. एक फॉर्मालिनमध्ये बुडवून मग मेणात बसवायचा आणि साध्या प्रकाशात बघायचा. दुसरा गोठवायचा, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहूनही कितीतरी पातळ काप घ्यायचे आणि त्यांवर चमकत्या रंगाचं शेपूट लावलेली प्रतिपिंडं सोडायची. शरीराचे रखवालदार, म्हणजे शरीराची स्वतःचीच प्रतिपिंडं, चुकून चाळणीत जाऊन बसले असतील, तर ही शेपूटवाली त्यांना हुडकून चिकटतात. बाकीची धुऊन जातात. मग अंधारात निळा प्रकाश टाकला की जिथं रखवालदार अडकलेत तिथं हिरवं चमकतं. काहीच अडकलेलं नसेल तर सगळं काळं.

या हिरव्यात एक खोट आहे. रंगाचा प्रत्येक कण ठरावीक वेळाच चमकतो आणि मग कायमचा विझतो. म्हणजे बघितलं की संपतं. जितकं निरखून बघाल तितकं लवकर संपतं.

काजवा आला आणि हा प्रश्न मिटला. यंत्राचं खरं नाव लांबलचक इंग्रजी होतं; काजवा हे नाव लोकांनी ठेवलं. तो इतक्या मंद प्रकाशात बघायचा की माणसाला तिथं नुसता अंधार दिसला असता. प्रकाशाचा एकेक कण मोजून तो वीस मिनिटांत सांगायचा, कोणते रखवालदार अडकलेत, किती, कुठं, आणि ही किडनी अजून किती वर्षं चालेल. रंगही त्याला चिमूटभर पुरायचा, म्हणून काप अगदी फिकट रंगवू लागले. अशा फिकट कापावर जुन्या मायक्रोस्कोपचा झगझगीत दिवा पडला, तर तो दोन-तीन मिनिटांत ठार विझायचा. म्हणून तो कागद भिंतीवर.

खारपाणपट्ट्यातल्या गावांना या काजव्यानं नवीच भाषा दिली. पूर्णेच्या दोन्ही अंगांना विहिरीचं पाणी खारं, आणि तिथं किडनीनं गेलेली माणसं घरोघरी. कोणाचे पाय सुजले की म्हातारी माणसं म्हणत, ‘पाण्यानं धरला.’ आता गावं विचारू लागली, काळा की हिरवा? काळा म्हणजे पाण्याचा, उन्हाचा, वर्षानुवर्षांच्या झिजेचा. त्यावर औषध नाही, डायलिसिसच्या रांगेत नाव घाला. हिरवा म्हणजे रखवालदारांची चूक. त्यांना औषधांनी आवरता येतं, माणूस पंधरा-वीस वर्षं सहज काढतो. हिरवा रिपोर्ट आला की लोक पेढे वाटायचे. आजाराचे पेढे वाटणारा मुलूख जगात दुसरा नसेल.

आणि याच मुलखातला एक माणूस बेबीनंदाच्या घरात होता.

प्रल्हाद तायडे, निवृत्त पीटी मास्तर. गळ्यातली शिट्टी निवृत्तीनंतर सुटली, पण खिशातलं स्टॉपवॉच सुटलं नाही. भाताच्या शिट्ट्यांपासून शेजाऱ्याच्या भांडणापर्यंत ते सगळ्यांची वेळ लावायचे. बायकोसुद्धा त्यांना ‘सर’च म्हणायची, रागात असली तर ‘तायडे सर’. त्यांचे वडील किडनीनं गेले. थोरला भाऊ, ज्याला ते दादा म्हणत, तो चाळिशीतच गेला. तेव्हा काजवा नव्हता, आणि तुकडा काढून बघायला हवा असं सुचवणारंही कोणी नव्हतं. गावानं निदान केलं होतं: पाणी.

त्या उन्हाळ्यात सरांच्या लघवीला फेस यायला लागला. पाय सुजले. रक्तातलं क्रिएटिनिन चढलं.

‘तुकडा काढून घ्या,’ बेबीनंदा म्हणाली.

‘कायले? आमच्या घरची वहिवाट हाये ते. बाबाचा काळा, दादाचा काळा, माहा कुठून हिरवा निंगते?’

‘बाबांचा न् दादांचा कोणी पाह्यला होता?’

‘गावानं पाह्यला ना.’

‘तायडे सर, गावाले मायक्रोस्कोप नसते.’

सर ऐकेनात. तीन दिवस ती जेवताना समोर बसून एक शब्द बोलली नाही. चौथ्या दिवशी सर म्हणाले, ‘बाहत्तर तास झाले. आता बोल. घेतो काढून.’

तुकडा काढला तो सोमवार. सुईत जेमतेम आला, शेवई कसली, तिचा चुरा. त्यातला बरा भाग मेणाकडे गेला आणि उरलेला गोठवायला आला. नियमाप्रमाणे घरच्या माणसाचा नमुना दुसऱ्यानं हाताळायचा, पण दुसरा तंत्रज्ञ मेव्हण्याच्या लग्नाला यवतमाळला गेलेला. बेबीनंदानंच काप घेतले. काप घेता घेता तिच्या लक्षात आलं की चाळणीचे गुच्छ एकाच कापात आहेत, तेही दोनच. पुढच्या कापांत नुसत्या नळ्या. म्हणजे जे काय सांगायचं ते या एकाच काचेला.

तिनं काप रंगवला, धुतला, काचेवर काच ठेवली आणि काजव्याकडे वळली. काजवा स्वतःची तपासणी करत होता. रोज बारा वाजता तो वीस मिनिटं स्वतःचे डोळे तपासायचा आणि तेवढ्यात कोणाची काच घ्यायचा नाही. पडद्यावर उलटे आकडे पळत होते.

वीस मिनिटं! नवऱ्याची किडनी तळहातावर घेऊन बाईनं वीस मिनिटं काय करायचं?

कोपऱ्यात जुना मायक्रोस्कोप होता, त्यावर तिनंच शिवलेली फुलाफुलांची खोळ. पूर्वीच्या डॉक्टर साहेबांच्या काळात एक रिवाज होता. साहेबांनी बघून रिपोर्टवर सही केली की काचेतला उरलेला उजेड ज्याला हवा त्याचा. तंत्रज्ञ, नर्सा, झाडूवाल्या मावशीसुद्धा रांगेनं यायच्या आणि विझेपर्यंत बघायच्या. बेबीनंदानं असे हजारो उजेड विझताना पाहिले होते. पण सहीनंतर. आधी कधीच नाही.

‘एक क्षण,’ ती स्वतःशीच म्हणाली. तिनं खोळ काढली, दिवा लावला आणि डोळे मिटून पाच मिनिटं बसली, कारण डोळे अंधाराला सरावल्याशिवाय फिकट रंग दिसत नाही. मग काच दिव्याखाली सरकवली आणि डोळा लावला.

आधी काळं. मग, दोन्ही गुच्छांच्या आत, झाडाच्या फांद्यांसारखं, अगदी पुसट हिरवं.

ही नक्षी तिच्या ओळखीची होती. आयजीए नावाचे रखवालदार नेमके असेच बसतात, गुच्छाच्या देठाशी. हिरवा! माझा माणूस हिरवा! पाण्यानं धरलेला नाही! तिला हसू फुटलं आणि डोळ्यांतून पाणीही यायला लागलं, आणि पाणी पुसून पुन्हा बघावं, पुन्हा खात्री करावी, असं करता करता ती बघतच राहिली. भानावर आली तेव्हा समोर काहीच नव्हतं. काळं. दिवा चालूच होता.

काजव्यानं साडेबाराला काच घेतली आणि बरोबर वीस मिनिटांनी रिपोर्ट दिला: काहीही अडकलेलं नाही. काळा. अडीच वर्षं.

संध्याकाळी ती घरी पोचली तर सर स्वयंपाकघरात. बिनमिठाचं वरण, बिनमिठाची भेंडी आणि तिच्यापुरता वेगळा वाटीत ठेचा. तिचा चेहरा बघूनच ते समजले.

‘काळा ना? मंग? म्या काय सांगतलं होतं? रडून काऊन राह्यली? अडीच वर्षं म्हंजे नऊशे दिवस. नऊशे दिवसांत पोट्टे राज्य स्पर्धेले तयार केले म्या.’

‘सर...’

‘आधी जेव. आकरा मिनिटांपासून ठेचा तुही वाट पाहून राह्यला.’

तो माणूस तिला धीर देत होता, हे तिला सहन होईना. सांगावं, तर काय सांगावं? मी हिरवं पाहिलं आणि पाहता पाहता विझवलं? आणि खरंच पाहिलं का? अर्धवट अंधारात, दुबळ्या रंगात, नवऱ्याच्या काचेत बायकोला हिरवं नाही दिसणार तर काय दिसणार? तीस वर्षांत तिनं आपल्या डोळ्यांवर शंका घेतली नव्हती. त्या रात्री घेतली. ठेचा तिखट असल्याचं निमित्त करून ती पोटभर रडली.

सकाळी ती डॉक्टर नौशीन काझींच्या टेबलासमोर उभी राहिली. बाळापूरची ही मुलगी शिकाऊ असताना बेबीताईकडूनच काप घ्यायला शिकली होती आणि आता प्रयोगशाळेची प्रमुख होती. बेबीनंदानं सगळं सांगितलं, खोळीपासून दिव्यापर्यंत. एकही वाक्य मऊ केलं नाही.

डॉक्टर बराच वेळ पेनचं टोपण काढत-घालत राहिल्या.

‘बेबीताई, तो कागद तुम्ही लावलाय भिंतीवर.’

‘हो.’

‘मी पहिल्या वर्षी नुसती खोळ उचलली होती, तर तुम्ही माझा हात झटकला होता.’

‘हो, मॅडम.’

‘आणि आता मी काय मानू? घरच्या माणसाला हवं तेच दिसतं. हेही तुम्हीच शिकवलंय मला.’

‘माह्या डोळ्यावर विश्वास ठेवूच नका,’ बेबीनंदा म्हणाली. ‘माहाच राह्यला नाही. पण मेणातला तुकडा हाये ना! त्यात सात गुच्छ हायेत, मी मोजले. त्याच्यावर पाहू.’

फॉर्मालिनमध्ये गेलेला तुकडा टिकतो, पण त्यातले रखवालदार कुलूपबंद होतात. शेपूटवाली प्रतिपिंडं त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. जुन्या लोकांकडे या कुलपाची किल्ली होती. मेण काढून काप एका पाचक रसात ठेवायचा. रस कुलपं खातो. कमी ठेवला तर कुलूप उघडत नाही, जास्त ठेवला तर रस कापच खाऊन टाकतो. गोठवलेला भाग वाया गेला की पूर्वी हाच उपाय करत. काजव्याला मेणाचे काप वाचता येत नाहीत, म्हणून तो आल्यापासून ही रीत कोणी शिकली नव्हती. इथं ती फक्त बेबीनंदाला येत होती.

‘मला ही तपासणी पुन्हा करायची तर कारण लिहावं लागेल,’ डॉक्टर म्हणाल्या. ‘तुमचं नाव घालून. मग तुम्हाला अंधारखोलीत ठेवता येणार नाही मला. अकरा महिने नोंदणीच्या खिडकीवर.’

‘लिहा.’

‘तीस वर्षं काढलीत त्या खोलीत, ताई.’

‘लिहा, मॅडम. आन् हात तुमचेच लागतील. मी बाहेरून सांगतो.’

डॉक्टरांनी लिहिलं. लिहिताना त्यांचं अक्षर नेहमीपेक्षा वाईट आलं.

घरी येऊन तिनं सरांनाही सगळं सांगितलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘म्हंजे तू चूक केली?’

‘केली.’

‘कधी नव्हं ते?’

‘कधी नव्हं ते.’

‘माह्यासाठी?’ आणि एवढ्या गंभीर प्रसंगी तो माणूस चक्क लाजला. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंधारखोलीबाहेरच्या बाकावर दोघं शेजारी बसले. शेजारच्या खोलीच्या उघड्या दारातून डॉक्टरांची पाठ दिसत होती. मेण काढून झालं होतं. रस कोमट करून ठेवला होता.

‘किती वेळ ठेवायचा?’ डॉक्टरांनी आतून विचारलं.

‘पंचवीस मिनिटं. पण शेवटी शेवटी कापाची कड पाहा. कड उठली की वेळ झाली नसली तरी काढा.’

‘इथलं घड्याळ बंद आहे, ताई.’

सर उभे राहिले. खिशातून स्टॉपवॉच काढून त्यांनी अंगठा सरसावला, आणि साऱ्या गॅलरीनं वळून बघावं अशा आवाजात म्हणाले, ‘ऑन युवर मार्क!’

आतून डॉक्टरांचं हसणं ऐकू आलं. सोमवारनंतर बेबीनंदाही पहिल्यांदाच हसली. सरांनी स्वतःच्या किडनीची वेळ लावली आणि पंचवीस मिनिटं ते शाळेच्या मैदानावर उभे राहावेत तसे ताठ उभे राहिले. दर पाच मिनिटांनी मोठ्यानं वेळ सांगायचे. चोविसाव्या मिनिटाला डॉक्टर ओरडल्या, ‘कड हलली!’

‘काढा!’ दोघं एकदमच म्हणाले.

मग रंग. या वेळी चिमूटभर नाही, जुन्या काळासारखा भरपूर, माणसाच्या डोळ्याला दिसेल असा. मग धुणं. मग डॉक्टर काच घेऊन अंधारखोलीत गेल्या आणि काळा पडदा बंद झाला.

तीस वर्षांत बेबीनंदा त्या पडद्याच्या बाहेरच्या बाजूला अशी कधी बसली नव्हती. आत काय चाललंय ते तिला पावलापावलानं कळत होतं: आता दिवा, आता डोळे मिटून बसल्या असतील, आता डोळा लावला असेल. आपण काय पाहिलं होतं ते त्या काळ्या कापडामागे ठरत होतं, आणि तिला पडदा बाजूला करायचा हक्क नव्हता. तिनं सरांचा हात धरला. इस्पितळात, चारचौघांत, पहिल्यांदाच.

‘किती झाले?’

‘नव मिनिटं.’

‘इतका वेळ लागत नाही हो.’

‘फोटू काढत असन. तू गप बस.’

पडदा सरला. डॉक्टर नौशीन बाहेर आल्या. अंधारातून आल्यामुळे त्यांचे डोळे मिचमिचत होते आणि थोडे ओलेही होते.

‘सातही गुच्छांत,’ त्या म्हणाल्या. ‘देठाशी. फांद्यांसारखं. आयजीए. फोटो काढले, मोजलं, सही केली.’ मग बेबीनंदाकडे वळून, ‘ताई, तुम्ही खरंच पाहिलं होतं.’

बेबीनंदा पदरात तोंड घालून बाकावर बसून राहिली. सर तिच्या पाठीवर थोपटत होते आणि डॉक्टरांना विचारत होते, ‘म्हंजे हिरवा ना? पक्का? पेढ्याचा?’

‘पक्का, सर. औषधं उद्यापासून. जादू नाही ती, सांभाळावं लागेल. पण अडीच वर्षं विसरा.’ डॉक्टर घुटमळल्या. ‘ताई, सही झालीये. दिवा चालू ठेवलाय, काच बाजूला सरकवलीये. माझ्या काचेत अजून उजेड उरलाय.’

बेबीनंदानं वर पाहिलं. तिला रिवाज आठवला.

‘मले नको,’ ती म्हणाली. ‘यांना दाखवतो.’

तीस वर्षं ती त्यांना म्हणत होती, एकदा येऊन बघा मी काय करते ते. आणि तीस वर्षं ते म्हणत होते, अंधारात काय पाह्याचं? आता ती त्यांना हाताला धरून आत घेऊन गेली, स्टुलावर बसवलं, मान वाकवून दिली.

‘डोळे मिटा आधी. सरावू द्या. स्टॉपवॉच आणा इकडे.’ त्यांनी ते मुकाट्यानं तिच्या हातात दिलं. ‘आता उघडा.’

तिनं काच दिव्याखाली सरकवली.

‘हे मी?’

‘तुम्हीच.’

‘पयल्या पावसानंतर बाभळी पालवते तसं हाये व हे.’ मग थोड्या वेळानं, अगदी हळू आवाजात, ‘बेबी, दादाचंही असंच असन का?’

तिला उत्तर माहीत होतं आणि नव्हतंही. ‘काय माहीत,’ ती म्हणाली. ‘असू शकते.’

‘पाण्यानं धरला म्हणून पाच वर्षं घरात निजवून ठेवला आम्ही त्याले. कोणी पाह्यलंच नाही.’

तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा हलत होता, पण डोळा भिंगावरून हलला नाही. हातातल्या स्टॉपवॉचकडे तिनं पाहिलं. सहा मिनिटं झाली होती, मग आठ. रंग कितीही भरपूर असला तरी या दिव्याखाली आठ मिनिटं टिकत नाही, हे तिच्याइतकं त्या इमारतीत कोणालाच माहीत नव्हतं.

‘गेलं का?’ तिनं विचारलं.

‘नाई,’ सर म्हणाले. ‘हाये अजून.’

तिनं स्टॉपवॉच बंद करून त्यांच्या खिशात ठेवलं, दाराचा पडदा नीट ओढून घेतला आणि त्यांच्या शेजारी उभी राहिली.

‘पाहा,’ ती म्हणाली. ‘पुरेल तोवर पाहा.’